बोडीटोल्यातली सात मशीनं

टीना कापगतेनं बोडीटोल्याच्या शाळेतल्या संगणक कक्षाचं कुलूप उघडलं तेव्हा मे महिना होता आणि आत उंदरांच्या लेंड्यांचा वास कोंडला होता. खोली चार वर्षं बंद होती. ज्या योजनेतून बारा संगणक आले होते ती योजना संपली, नेमलेला माणूस निघून गेला आणि जाताना पासवर्ड कुणाला सांगायचंही विसरला. मशीनं हळूहळू बंद पडली. मग त्यांच्यावर हिरवी कापडं टाकून दाराला कुलूप घातलं. दारावरची ‘संगणक कक्ष’ ही पाटी तेवढी दर तपासणीच्या आदल्या दिवशी पुसली जायची.

टीना गावातलीच. भंडाऱ्याला रोज एसटीनं जाऊन-येऊन तिनं कम्प्युटरमध्ये बीएस्सी केलं होतं आणि आता पाराजवळच्या एका गाळ्यात सेवा केंद्र चालवत होती. सातबारा काढून दे, पीक विम्याचा फॉर्म भर, कुणाचा अंगठा आधारला जुळत नाही तो दहादा घासून पाहा, असं तिचं काम. मुख्याध्यापक मधुकरराव गिऱ्हेपुंजे एक दिवस प्रिंट काढायला आले आणि तिथंच बसले.

“टीना, शाळेतले कम्प्युटर भंगारात द्यायचं चाललं आहे. त्याआधी एकदा पाहतेस का?”

“पाहते ना सर. पण मले कोणाची परवानगी लागन?”

“मी मुख्याध्यापक आहे ना गं अजून,” ते हसले. मग जरा पुढं वाकून म्हणाले, “संस्था संगणक शिक्षकाची एक जागा काढणार आहे. भय्याजींच्या कानावर मी घातलंय. खोली चालू झाली की जागा मंजूर होते. आणि मग गावात तुझ्याशिवाय दुसरं आहे कोण?”

टीनानं घरी जाऊन आईला सांगितलं. आई, सुंदरबाई, तांदूळ निवडत होती. “शाळेत? म्हणजे मास्तरीन?” एवढंच तिनं विचारलं आणि सूप तसंच हातात धरून बसली.

दुसऱ्या दिवसापासून टीना सकाळी सात ते अकरा शाळेत जाऊ लागली. अकरानंतर त्या पत्र्याखाली माणूस बसूच शकत नव्हता.

पहिले चार दिवस तिनं फक्त साफसफाई केली. डबे उघडून आतली धूळ ब्रशनं काढली. कुरतडलेल्या वायरी बाजूला केल्या. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे पिवळे दात खोडरबरानं घासले. हा उपाय तिला कॉलेजातल्या लॅब असिस्टंटनं शिकवला होता आणि पुस्तकात तो कुठंच नव्हता. बारापैकी दोन मशीनांचे मदरबोर्ड जळालेले निघाले. तिसऱ्याच्या डब्यात उंदरीण व्याली होती आणि आतलं सगळं कुरतडलं होतं. उरलेल्या नवांत वीज सोडली की पंखा फिरायचा, पडदा उजळायचा आणि जुनं विंडोज अर्ध्यावर येऊन निळं पडायचं.

त्या मशीनांच्या ताकदीला झेपेल अशी एक हलकी, मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम तिनं शोधली. तिच्यात मराठी टायपिंग होतं, मुलांसाठी चित्रं काढायचं सॉफ्टवेअर होतं, आणि परवाना विकत घ्यायची गरज नव्हती. मोबाइलच्या नेटवर ती फाइल उतरायला दोन रात्री आणि एक दिवस लागला. मग एका पेनड्राइव्हवर तिनं ती बूट होईल अशी चढवली. नुसती फाइल कॉपी केली तर मशीन त्यावरून उठत नाही, ती खास पद्धतीनं लिहावी लागते. पेनड्राइव्ह लावला, मशीन चालू केलं, एफ बारा दाबत राहिली. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, तेवढीच रेघ.

दोन दिवस ती रेघच पाहत बसली. मग तिच्या ध्यानात आलं की मशीनं जुन्या काळातली, आणि पेनड्राइव्ह तिनं नव्या पद्धतीनं लिहिलेला. तो पुसून जुन्या पद्धतीनं पुन्हा लिहिला. या वेळी मेनू आला. तिनं भाषा मराठी निवडली, जुनी डिस्क पूर्ण पुसायची का, या प्रश्नाला होय म्हटलं, आणि पडद्यावरची पट्टी इंचाइंचानं पुढं सरकू लागली. ऐंशी टक्क्यांवर लाइन गेली.

ती बाहेर व्हरांड्यात येऊन बसली. शाळेचा शिपाई डोमा झाडाखाली बसला होता. “गेली का वो?” त्यानं विचारलं. 

“गेली. आता पयल्यापासून.”

“कायले एवढा जीव काढून राहिली बाई? सुट्ट्यांत कोणी इकडं फिरकत बी नाही.”

लाइन दीड तासानं आली आणि तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. शाळा उघडायच्या आठवड्यात सात मशीनं चालू झाली होती. नवातली दोन कितीही केलं तरी उठली नाहीत. त्यांचे भाग काढून तिनं बाकीच्यांना लावले.

जून-जुलैपासून ती आठवड्यातून तीन दिवस शिकवू लागली. नेमणूक नव्हती, हजेरीपटावर नाव नव्हतं. मधुकरराव म्हणत, “प्रस्ताव गेला आहे, थोडं थांब.” सेवा केंद्र त्या वेळात बंद राहायचं, आणि लोक दारावर थाप मारून परत जायचे. वडील टेकचंद एकदाच बोलले, “लोकं पार अड्याळ गावाले जाऊन राहिले फॉर्म भरायले.” पुढं त्यांनी विषय काढला नाही, कारण पोरगी शाळेतून आल्यावर जेवताना हसायची.

आठवीत रुपा नावाची एक मुलगी होती. बारीक, तेलानं चपटे बसवलेले केस, शब्द तोडून तोडून बोलायची. पहिल्या दिवशी तिनं माउस उचलून पडद्यावर टेकवला होता आणि सगळा वर्ग हसला होता. टीना हसली नाही. पुढं ती पोरगी वर्ग सुटल्यावर थांबू लागली. आजीला विचारून तिनं जुन्या धानांची नावं टाइप केली, लुचई, हिरानकी, चिन्नोर, अशी एकोणतीस. गावातल्या बोड्यांची, म्हणजे लहान तळ्यांची, नावं आणि कोणत्या बोडीचं पाणी कोणाच्या बांधीत, धानाच्या खाचरात, जातं, याचा नकाशा तिनं त्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढला. त्यात तळं निळं आणि मालगुजारानं बांधलेली मातीची जुनी पाळ तपकिरी होती. मधुकररावांनी तो नकाशा रंगीत छापून ऑफिसात लावला.

एकदा एक मशीन पुन्हा बसलं. टीनानं ते मुलांसमोरच नव्यानं भरलं आणि भरता भरता समजावून सांगितलं. “पाहा, बटन दाबलं की मशीन पयले इचारते, आज कोणाच्या घरी जाऊ? आपण काही बोललो नाही तर ते रोजच्या घरी जाते, डिस्कच्या. पण ते घर पडलं आहे. मग आपण एफ बारा दाबून त्याले सांगायचं, आज तू पेनड्राइव्हच्या घरी जेव.” मुलं खदखदून हसली. रुपानं ते वहीत उतरवून घेतलं. पुढच्या मशीनाच्या वेळी टीनानं तिलाच खुर्चीवर बसवलं.

दिवाळीनंतर संस्थेची सभा झाली आणि जागा मंजूर झाल्याचं कळलं. त्याच आठवड्यात मधुकररावांनी टीनाला ऑफिसात बोलावलं. आत भय्याजी बसले होते. संस्थेचे अध्यक्ष. पांढरा कुर्ता, पायांत कोल्हापुरी, आवाज कधी न चढवणारा माणूस. शेजारी पंचविशीतला एक तरुण मोबाइलवर काहीतरी वर सरकवत होता.

“बस टीना, बस,” भय्याजी म्हणाले. “सर सांगत होते, तू फार केलं शाळेसाठी. टेकचंदची पोरगी हुशार निघाली. हा धर्मेंद्र, माझ्या बहिणीचा. यानं डिप्लोमा केला आहे. सोमवारपासून हा जॉइन होतो. तू दोन-चार दिवस येऊन त्याले खोली समजावून दे.”

टीनानं मधुकररावांकडं पाहिलं. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते.

“सर म्हणाले होते का जागा...” ती अडखळली.

“हो ना. तुझा विचार झाला,” भय्याजी समजुतीनं म्हणाले. “नाही झाला असं नाही. पण तूच सांग, तुझं वय लगनाचं. उद्या स्थळ येईन, तू जाशीन नागपूरले नाहीतर पुण्याले. संस्थेले कायमचा माणूस लागतो. तुझ्या बापाशी मी बोललो असतो, पण म्हटलं पोरगी समजदार आहे, तिलेच सांगू.”

“माझं लगन जमलं नाही भय्याजी. जमवायचं चालू बी नाही.”

“नाही तर जमन,” ते हसून उठले. धर्मेंद्रनं मोबाइलवरून नजर काढून मान हलवली. “पासवर्ड लिहून देजा मॅडम,” तो म्हणाला.

ते दोघं गेले. मधुकरराव म्हणाले, “माझी सून त्यांच्या लाखनीच्या शाळेत आहे. तीन वर्षं झाली, अजून कायम केलं नाही.” मग म्हणाले, “मी काय करू सांग.”

टीनाला पुष्कळ बोलायचं होतं. ती म्हणाली, “पासवर्ड उद्या लिहून देते सर.”

तिनं नुसता पासवर्ड दिला नाही. धर्मेंद्रला चार दिवस शिकवलं. मशीन बंद कसं करायचं, थेट बोर्डाचं बटन का बंद करायचं नाही, बिघडलं तर पेनड्राइव्हवरून पुन्हा कसं भरायचं, सगळं एका वहीत क्रमानं लिहून दिलं. आई चिडली. “आपली भाकर दुसऱ्याच्या ताटात वाढून वरून त्याले घास भरवून राहिली तू.” टीना म्हणाली, “खोली बंद पडली तर पोट्ट्यांचं काय?” हे तिला त्या वेळी खरंच वाटत होतं. धर्मेंद्र ऐकताना मान हलवायचा. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, “ह्याच्यात विंडोज काहून नाही टाकलं? हे कोण वापरते बाहेर?” तिनं कारण सांगितलं. त्यानं ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

जानेवारीत नागपूरच्या एका प्रतिष्ठानचे पाहुणे येणार होते. दरवर्षी ते एका खेड्यातल्या शाळेची निवड करत आणि पुढची पाच वर्षं तिला मदत करत. बोडीटोल्याचा अर्ज मधुकररावांनी टीनाच्या दिवसांत, तिच्याच सेवा केंद्रातून भरला होता. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी साडेदहाला मधुकररावांचा फोन आला.

“टीना, दोन मशीनं काळी पडली. पांढरी अक्षरं येऊन थांबून राहिली. धर्मेंद्रला जमून नाही राहिलं. बाराला पाहुणे येतील. तू फक्त अर्धा तास ये. मागच्या दारानं ये, म्हणजे... उगाच चर्चा नको.”

सुंदरबाई दारातच उभी राहिली. “जाऊ नको. पाया पडते तुझ्या, जाऊ नको. पडू दे तोंडावर.”

“माय, ते सात मशीनं मी उठवले.”

“मंग? ते तुहे आहेत का?”

टीनानं स्कुटी काढली.

मागच्या दारानं शिरून ती संगणक कक्षात गेली. धर्मेंद्र घामेजला होता. रोज शाळा सुटताना तो बोर्डाचं बटन एकदम बंद करत होता, हे डोमानं तिला हळूच सांगितलं. ती खुर्चीवर बसली. एक मशीन नुसत्या दुरुस्तीनं उठलं. दुसरं पहिल्यापासून भरावं लागलं. त्यावरचं मुलांचं काम गेलं. पट्टी शंभरावर पोचली तेव्हा बारा वाजायला वीस मिनिटं होती, आणि बाहेर गाड्यांची दारं वाजली. पाहुणे लवकर आले होते.

मधुकरराव धावत आत आले. मागच्या दाराशी आता स्वयंपाकाच्या बायका पातेली घेऊन उभ्या होत्या. “तू इथंच बस, मागच्या बाकावर,” ते म्हणाले.

भय्याजी पाहुण्यांना घेऊन आत आले तेव्हा रुपा आणि आठवीची मुलं मशीनांपुढं येऊन बसली होती. पाहुण्यांत एक पन्नाशीच्या बाई होत्या. बारीक नजरेच्या, खरोखर विचारपूस करणाऱ्या. त्यांनी मशीनं पाहिली, धानांच्या नावांची यादी वाचली, पडद्यावरच्या नकाशापुढं बराच वेळ उभ्या राहिल्या. मागच्या बाकाकडं बोट करून त्यांनी विचारलं, “या?”

“या गावातल्या सेवा केंद्राच्या ताई. आज मदतीला आल्या,” मधुकरराव म्हणाले.

बाईंनी टीनाला नमस्कार केला. टीनानंही केला.

मग त्या रुपाजवळ गेल्या. “हा नकाशा तू काढलास? आणि तुला म्हणे मशीनमध्ये सिस्टीम भरतासुद्धा येते?”

“हो.”

“कसं करतेस सांग बरं.”

रुपा उभी राहिली. घसा साफ केला. “बटन दाबलं की मशीन आधी विचारते, आज कोणाच्या घरी जाऊ? आपण काही बोललो नाही तर ते रोजच्या घरी जाते, डिस्कच्या. पण ते घर पडलं आहे. मग आपण एफ बारा दाबून त्याला सांगायचं, आज तू पेनड्राइव्हच्या घरी जेव.” एकही शब्द चुकला नाही. फक्त पाहुण्यांसाठी भाषा थोडी पुस्तकी केली होती. पाहुणे हसले. बाईंनी तर टाळी वाजवली.

“किती सुंदर समजावलंय हे! कोणी शिकवलं तुला?”

 रुपानं आधी भय्याजींकडं पाहिलं, मग मुख्याध्यापकांकडं. मागच्या बाकाकडं तिनं पाहिलं नाही.

“धर्मेंद्र सरांनी.”

“वा, सर,” बाई वळून धर्मेंद्रला म्हणाल्या. “मी तीस वर्षं शिक्षणात आहे. इतकं सोपं करून सांगणारा शिक्षक क्वचित भेटतो.” धर्मेंद्रनं हात जोडले. भय्याजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मधुकरराव खिडकीबाहेर पाहत होते. 

आपण आता उठून बोलू शकतो, हे टीनाला कळत होतं. एवढंच म्हणायचं होतं, की पोरी, खरं सांग. पण मग त्या पोरीला सगळ्यांदेखत खोटी ठरवावी लागली असती. तिनं बाकाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. पाहुणे पुढच्या वर्गाकडं वळले, तेव्हा तिच्या बोटांवर लाकडाचे वळ उमटले होते.

हॉलमध्ये शाल-श्रीफळाचा कार्यक्रम सुरू झाला. माइकवरून धर्मेंद्रचं नाव ऐकू येत होतं. टीना मागच्या दारानं स्कुटीपाशी आली, आणि पायांचा आवाज झाला. रुपा पळत आली होती. कार्यक्रमातून निसटून.

“मॅडम,” ती धापा टाकत म्हणाली. “मॅडम, सरांनी काल...”

तिचा चेहरा रडवेला झाला होता. टीनाला सगळं कळत होतं. पोरगी तेरा वर्षांची. काल कोणीतरी ऑफिसात बोलावून पाठ करून घेतलं असणार. ही नाही म्हणूच शकली नसती. हे सगळं कळत असूनही टीना म्हणाली,

“मले मॅडम नको म्हणू. तुहे सर आतमंदी आहेत, त्यांच्याकडं जा. खोटारडी कुठली.”

रुपा जागच्या जागी उभी राहिली. टीनानं स्कुटी चालू केली आणि निघून गेली.

भय्याजींना ती काही बोलली नव्हती. मधुकररावांनाही नाही. धर्मेंद्रला तर तिनं वही लिहून दिली होती. गेल्या दोन महिन्यांत साठलेलं सगळं तिनं त्या एका पोरीवर टाकलं, कारण उलट उत्तर देऊ न शकणारी तिथं तेवढीच होती. हे तिला त्याच रस्त्यावर, तळ्याच्या पाळीपर्यंत पोचायच्या आत कळलं. तरी ती परत फिरली नाही.

शाळेची निवड झाली. तोवर टीनानं सेवा केंद्र बंद करून भंडाऱ्याला बसस्टँडजवळच्या एका कम्प्युटरच्या दुकानात काम धरलं होतं. लोकांचे लॅपटॉप यायचे, ती ते पुसून नव्यानं भरून द्यायची. दिवसाला चार, कधी सहा. मालक बरा होता, कामात खोडा घालत नसे. गावातल्या बातम्या आईकडून कळायच्या. प्रतिष्ठानकडून नवीन टेबलं आली. धर्मेंद्रनं कुठून तरी आणलेल्या पेनड्राइव्हवरून सातही मशीनांत विंडोज टाकलं. ते त्या म्हाताऱ्या मशीनांना पेललं नाही. चालू व्हायला वीस मिनिटं लागायची, मग तास संपायचा. मुलांचं होतं नव्हतं ते सगळं त्यात पुसलं गेलं, रुपाचा नकाशासुद्धा. ऑफिसातल्या छापील कागदावर तेवढा उरला, त्याच्याखाली ‘मार्गदर्शक’ म्हणून धर्मेंद्रचं नाव होतं. एप्रिलपासून खोलीला पुन्हा कुलूप लागलं. मधुकररावांची सून मात्र कायम झाली.

टीनानं ऐकून घेतलं. तिला वाटलं होतं, असं काही झालेलं ऐकून बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

रुपाचं मात्र डोक्यातून जात नव्हतं. रोज एसटीत कारध्याच्या पुलावर गाडी आली की तिला ती धावत आलेली पोरगी दिसायची. बोलावं, सांगावं, असं करता करता सहा महिने गेले. जुलैतल्या एका रविवारी ती रुपाच्या घरी गेली. घराला कडी होती. शेजारच्या बाईनं सांगितलं, “रोवणं चालू आहे. सगळे बांधीत आहेत.”

तळ्याच्या खालच्या अंगाला त्यांच्या दोन बांध्या होत्या. दहा-बारा बायका चिखलात वाकून धान रोवत होत्या. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रुपाची आजी धुरपता पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, जुड्या सोडून देत बसली होती. तिनं टीनाला ओळखलं, पण बस म्हणाली नाही.

“रुपा आहे का आजी?”

“हाये.” म्हातारी जुडी झटकत म्हणाली. “तुमच्या शाळंतून त्या दिवशी आली, अन् दोन दिस जेवली नाही. आमाले वाटलं अंगात ताप आहे. मंग समजलं.” एवढं बोलून तिनं बांधीकडं तोंड करून हाक मारली, “ए रुपे! बाई आली.”

रुपा रांगेतून सरळ झाली. सहा महिन्यांत ती उंच झाली होती. साडीचा तुकडा कमरेला खोचलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. ती धुऱ्यापर्यंत आली, पण वर चढली नाही.

“रुपा, त्या दिवशी मी तुले जे बोलली ना,” टीना म्हणाली, “ते मी बोलायले नको होतं. तुही काही चूक नव्हती. मले दुसऱ्यांवरचा राग होता.”

“नाही, काही नाही,” रुपा म्हणाली. पाहुण्यांशी बोलावं तशा आवाजात. “मी विसरून बी गेली.”

“मी भंडाऱ्याले दुकानात असते. स्टँडच्या बाजूले. सुट्टीत ये तिकडं. लॅपटॉपवर शिकवीन तुले, खूप पुढचं.”

रुपानं हातातली रोपं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “मले नाही येत आता ते. मी सोडून देल्लं.”

“काहून? तुले सगळ्यांत चांगलं जमत होतं.”

पोरगी रोपांच्या मुळांचा चिखल झटकू लागली. मग हळूच म्हणाली, “त्याच्यापुढं बसली का मले कसंतरी होते. तुम्ही म्हणले ते आठवते. मी खोटं बोलली होती ना. सगळ्यांच्या समोर.”

“तुले बोलायले लावलं होतं त्यांनी.”

“हो. पण बोलली तं मीच.”

 धुरपता दोघींकडं न पाहता जुड्या मोजून बाजूला ठेवत होती. बांधीतून एका बाईनं आवाज दिला, “रुपे, तुही ओळ मागं राहून राहिली वो!”

“जाऊ?” रुपानं विचारलं. वर्गात विचारतात तसं.

टीनानं मान हलवली. रुपा चिखलातून चालत आपल्या जागेवर गेली आणि वाकली. बायका मागं सरकत होत्या, त्यांच्यापुढं हिरवी रोपं उभी राहत होती. रुपाचे हात सवयीचे होते, मागं राहिलेली ओळ तिनं लवकरच गाठली. तिनं पुन्हा वर पाहिलं नाही.

 टीना म्हातारीला “येते आजी” म्हणाली. म्हातारीनं “बरं” म्हटलं. धुरा निसरडा झाला होता. टीना चपला हातात घेऊन रस्त्यापर्यंत चालत आली.